सुपडूनाना आणि तीस खळग्यांचं यंत्र

सुपडूनानांच्या कारखान्यात मी काढलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एक माप खोटं असायचं. चुकून नव्हे, मुद्दाम. ड्रॉइंग संपत आलं की नाना माझ्या टेबलाशी यायचे, आधी खिडकी लावायचे, मग दारातून बाहेर डोकावून यायचे आणि कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "आठे बेचाळीस लिख." म्हणजे, इथे बेचाळीस.

"नाना, पण खरं किती आहे?"

"खरं मना डोकामा शे." असं म्हणून ते डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी घट्ट दाबायचे. आकडा टोपीखालून निसटेल अशी त्यांना धास्ती असावी.

त्यामागचा विचार साधा होता. ड्रॉइंग चोरीला गेलं तरी चोराचं मशीन चालणार नाही, उलट त्याच्याच तोंडावर उडेल. खरं माप नाना जोडणीच्या वेळी स्वतःच्या हाताने, कानस मारून आणायचे. त्या वेळी कुणी शेजारी उभं राहायचं नाही. आमचे वेल्डर रशीदभाई दहा वर्षांपासून नानांकडे होते, पण तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "नमाजला उभा राहतो तसा राहतो मी," ते म्हणायचे.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी मूळची धुळ्याची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून जळगावला मावशीकडे राहायला आले होते. त्या काळी या कोर्सला वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे नोकरी द्यायला कुणी धजत नसे. नानांनी दिली. मुलाखतीत त्यांनी माझं प्रमाणपत्र उलटंसुद्धा करून पाहिलं नाही. विचारलं एवढंच, "सुरतले तुनं कोनी शे का?"

"नाही."

"राजकोटले?"

"नाही."

"घरमा कोनी जास्त बोलस का?"

मावशी फार बोलते, हे मी लपवलं. नाना समाधानाने मान हलवून रशीदभाईंना म्हणाले, "पोरगी चांगली शे. पानटपरीवर उभी ऱ्हाईसन बोलाव नही." एवढ्या एका गुणावर मला नोकरी लागली.

नाना साठीच्या घरातले, काटकुळे, पांढरा सदरा-पायजमा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन इंदूरला. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, तिच्या एका कोपऱ्यात खाट टाकून ते तिथेच राहायचे. दाराला तीन कुलपं होती. पहिलं उघडलं की नाना मागे वळून बघायचे, दुसरं उघडलं की पुन्हा बघायचे. तिसऱ्याला मात्र वळायचे नाहीत. चोराची गफलत व्हावी म्हणून, असं रशीदभाईंचं मत.

पहिले चार महिने मी नेमकं कशाचं मशीन काढते आहे, हे मला ठाऊक नव्हतं. नाना एका वेळी एकच भाग द्यायचे. आज एक दांडा, उद्या एक भोकाभोकांची प्लेट, परवा अर्धं चाक. सांगाडा आमच्या शेडमध्ये, ढोल भुसावळला, अॅल्युमिनियमचे साचे चाळीसगावला. कुणाचा भाग कशाला जोडायचा, हे कुणालाच माहीत नाही. "बठ्ठं एकच मानूसले दखाडं का धंदा गया," हे नानांचं तत्त्व. मला साच्याचं ड्रॉइंग मिळालं तेव्हा मी पाच गुणिले सहा असे तीस खळगे मोजले आणि रात्री मावशीला विश्वासाने सांगितलं, "इडलीचं मशीन आहे बहुतेक. एका वेळी तीस."

मावशी म्हणाली, "जळगावात इतक्या इडल्या खाणार कोण?"

खुलासा झाला तो एका रिक्षावाल्याकडून. पावसाने बस चुकली म्हणून मी रिक्षा केली आणि पत्ता सांगायला लागले, तर तो म्हणाला, "अंड्याच्या नानांकडे ना? बसा." सबंध गावाला माहीत होतं. रद्दीवाल्या मोहनशेठना माहीत होतं, पोस्टमनला माहीत होतं, समोरच्या पिठाच्या गिरणीला माहीत होतं. नाना अंडी ठेवायचे कागदी ट्रे बनवणारं मशीन बांधतात, हे ठाऊक नसलेली जळगावातली एकमेव व्यक्ती म्हणजे ते मशीन कागदावर काढणारी मी.

मी रागानेच नानांना जाब विचारला. ते इतके दचकले की खाली बसले. "तुले कोनी सांगं?"

"रिक्षावाल्याने."

"नंबर याद शे का रिक्षाना?"

त्यानंतर मात्र त्यांनी मला मशीन दाखवलं. म्हणजे अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर गोणपाट होतं.

आधी रद्दी. जुनी वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठे हौदात भिजवायचे आणि फिरत्या पात्यांनी घुसळून त्यांचा लगदा करायचा, पातळ ताकासारखा. हाताला नुसतं पाणीच लागतंय असं वाटावं इतका पातळ. हा लगदा दुसऱ्या हौदात येतो. त्या हौदावर एक आठ पैलूंचा ढोल आडवा फिरत असतो आणि प्रत्येक पैलूवर एक साचा, साच्याला शेकडो बारीक भोकं, वर पितळी जाळी घट्ट बसवलेली. साचा लगद्यात बुडाला की आतून पंप हवा ओढतो. पाणी जाळीतून आत जातं, कागदाचा तंतू मात्र बाहेर जाळीवर अडकतो, साय धरावी तसा. ढोल फिरत वर येतो, तरी ओढणं चालूच, म्हणजे उरलंसुरलं पाणी निथळतं. आणि साचा अगदी वर आला की ओढणं थांबून उलटी फुंकर बसते, ट्रे सुटतो आणि समोरच्या साच्याच्या हवाली होतो. तिथून तो उन्हात. जळगावचं ऊन हीच आमची भट्टी. एप्रिलमध्ये आवारात शे-दीडशे ट्रे मांडून ठेवले की शेवटचा मांडेपर्यंत पहिल्याची कड वाळायला लागायची.

"मशीन मानूसमायेक शे," नाना म्हणायचे. "दम लेस, दम सोडस. कव्हय लेवाना आन् कव्हय सोडाना, तेवढंच शिकाडनं पडस."

ते शिकवणारी एक चकती होती. तांब्या-कथलाच्या ओतीव धातूची, ताटलीएवढी, ढोलाच्या टोकाला बसवलेली. तिच्यात एक लांब वळणाची खाच आणि एक आखूड. ढोलातल्या नळ्या लांब खाचेसमोरून जाईपर्यंत हवा ओढली जाणार, आखूड खाचेसमोर आल्या की फुंकर. गोणपाट होतं ते या चकतीवरच.

गंमत अशी, की नानांनी आयुष्यात अंडं चाखलं नव्हतं. तो शब्दसुद्धा ते उच्चारत नसत. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांशी ट्रंक कॉलवर बोलताना ते 'लिंबू' म्हणायचे. "लिंबं कितला? लिंबं फुटनात का?" एकदा एक्सचेंजमधल्या बाई मध्येच बोलल्या, "नाना, अंड्यांचं बोलताय ना? मोठ्याने बोला, नवापूरला ऐकू जात नाही." नानांनी फोन ठेवला आणि आठवडाभर पत्रं लिहिली. त्यातही लिंबंच.

रद्दीवर त्यांचा विशेष राग. रद्दीशिवाय चालत नाही आणि रद्दी बाहेरून येते. "भिंतीसले कान ऱ्हातस, आन् रद्दीले डोया ऱ्हातस," ते म्हणायचे. मोहनशेठ किती रद्दी देतात यावरून आपण किती ट्रे काढतो हे ते ताडत असणार, अशी त्यांना खात्री. म्हणून ते तीन दुकानांतून तीन नावांनी रद्दी घ्यायचे. तिन्ही दुकानं मोहनशेठच्या घरातलीच होती, एक त्यांचं, एक भावाचं, एक साडूचं. हे मी नानांना कधीच सांगितलं नाही.

अशा माणसाकडे हसमुखभाई आले. नवापूरला त्यांची मोठी पोल्ट्री होती. आतापर्यंत नाना हाताने बुडवायची छोटी यंत्रं विकायचे. हसमुखभाईंना हवं होतं फिरत्या ढोलाचं, आपोआप चालणारं. असं पूर्ण मशीन नानांनी पूर्वी कधी विकलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं, आणि मग सहा महिने शेडमध्ये दुसरं काही झालं नाही. जाळ्या बसवणाऱ्या सिंधूबाईंनी एकटीने सगळे साचे मढवले. खळग्याच्या टोकाशी जाळीला एक सुरकुती राहिली तर ट्रे तिथेच फाटतो. त्या बोटाच्या पेराने जाळी चाचपायच्या, भाकरी भाजली का बघावं तशा. हसमुखभाई मशीन बघायला सोमवारी येणार असं ठरलं.

त्याच्या आधीच्या मंगळवारी आम्ही पहिल्यांदा सगळं जोडून चालवलं. पंप सुरू झाला, ढोल फिरला, पहिला साचा लगद्यातून वर आला. त्यावर सुंदर करडा ट्रे बसलेला होता. सिंधूबाईंनी हात जोडले. साचा आणखी थोडा वर आला आणि ट्रे पडला. जसा होता तसा हौदात, फस्सकन्. दुसरा आला, पडला. तिसरा, चौथा, सगळे. पाचवा जरा वरपर्यंत गेला म्हणून रशीदभाई वाकून बघायला गेले, तर तो त्यांच्या चष्म्यावर पडला.

ओढणं लवकर थांबत होतं. म्हणजे चकतीची लांब खाच आखूड होती. साहजिकच. ड्रॉइंगमध्ये मी नानांच्या सांगण्यावरून एकशे साठ अंश लिहिले होते, आणि ते खोटे होते. नाना कानस घेऊन खरं माप आणणार होते.

"सगळे भिंतीकडे तोंड करा," रशीदभाई आपणहून म्हणाले.

आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. बराच वेळ झाला, कानशीचा आवाज येईना. मी हळूच मागे पाहिलं. नाना चकती हातात घेऊन तशीच बघत होते. टोपी त्यांनी काढून ठेवली होती.

"चकती कोनी तरी बदली टाकी," ते म्हणाले.

त्या दिवशी चौकशी झाली. बुधवारीही झाली. चावी कुणाकडे होती, कुणी दुपारी बाहेर गेलं होतं, सिंधूबाईंचा नवरा सुरतेला कामाला होता तो का परत आला. सिंधूबाई म्हणाल्या, "नाना, त्याले तिथे कावीळ झाली होती." नानांनी तेही संशयास्पद मानलं. आणि मग संध्याकाळी, मी निघताना, ते दारात आडवे आले.

"डबा उघाड."

मी डबा उघडला. आत उरलेली कळण्याची अर्धी भाकरी आणि भरीत. नानांनी बोटाने भाकरी उचलून खाली पाहिलं. ताटलीएवढी चकती डब्यात मावणार नाही, हे त्यांनाही दिसत असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "भरीत चांगलं दिसस."

मी ठरवलं, ही नोकरी सोडायची. पण सायकलवरून घरी जाताना मला एक गोष्ट जाणवली आणि ब्रेकच लागले. चौकशीच्या नावाखाली नानांनी दोन दिवसांत मला चकतीचा खरा आकडा तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकवला होता. एकदा एकशे नव्वद, एकदा दोनशे तीस, एकदा "दोनशेना आसपास". चकती कुणी बदलली नव्हती. नाना आकडा विसरले होते. आणि अंदाजाने कानस मारायची सोय नव्हती, कारण खाच कमी पडली तर वाढवता येते, जास्त झाली तर भरता येत नाही. ओढणं आणि फुंकर एकमेकांत मिसळले की मशीन मेलं. दुसरी चकती ओतून घ्यायला तीन आठवडे लागले असते.

गुरुवारी मी रजा टाकली. धुळ्याला जाऊन वडिलांना सांगायचं होतं की नोकरी सोडते. स्टँडवर बसमध्ये चढले आणि बघते तर पुढच्या बाकावर नाना. मांडीवर ड्रॉइंग ठेवायची पत्र्याची लांब नळी.

नाना दर गुरुवारी कुठेतरी जातात हे आम्हाला माहीत होतं. कुठे, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि शेवटच्या बाकावर बसले. कंडक्टर आला तसं नानांनी पारोळ्याचं तिकीट काढलं. पारोळा आलं, ते खाली उतरले, बसला एक वळसा घातला, पुन्हा चढले आणि म्हणाले, "धुळं."

कंडक्टर वैतागून म्हणाला, "आबा, दर गुरुवारी तेच करता. एकदाच धुळ्याचं काढा ना!"

तेव्हा माझ्या मनात आलं ते आजही सांगायला लाज वाटते. मला वाटलं, चोर हाच आहे. आम्हाला खोटी मापं देतो आणि नळीतून खरी ड्रॉइंगं धुळ्याला नेऊन विकतो. आमच्यावर संशय घेतो, माझा डबा उघडायला लावतो, आणि स्वतः असा! माणूस दोन वर्षं नानांच्या शेडमध्ये राहिला की त्याचं डोकंही तसंच चालायला लागतं.

धुळ्यात उतरून ते गल्ली नंबर चारमध्ये शिरले. लगेच बाहेर आले आणि पाचमध्ये गेले. पाचमधून परत चारमध्ये. पाठलाग करणाऱ्याला चकवायची ती युक्ती होती, पण मी त्याच गल्ल्यांत लंगडी खेळून मोठी झालेली. चार-पाचमध्ये घुटमळणारा माणूस शेवटी जिथे निघतो, त्या सातव्या गल्लीच्या तोंडाशी मी बोळातून जाऊन उभी राहिले. नाना आलेच. एका बुटक्या घराचं दार न वाजवता ढकलून आत गेले.

मी खिडकीशी गेले. आत खाटेवर एक माणूस उशीला टेकून बसवलेला होता. नानांच्याच वयाचा, पण दणकट हाडाचा. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. आणि त्याच्या पायांवर, सबंध खाटभर, एक कागद पसरलेला होता. माझीच ड्रॉइंगं, खळ लावून एकमेकांना जोडलेली. दोन वर्षं तुकड्यातुकड्यांनी काढलेलं ते मशीन मी त्या दिवशी पहिल्यांदा अख्खं पाहिलं. खोट्या मापांवर नानांच्या हातचे लाल शाईचे आकडे होते. एके ठिकाणी मात्र काट मारलेली आणि पुढे काही नाही.

"कितला, भटू?" नाना विचारत होते. "तूच काढेल व्हतं ना ते? एकशे नव्वद?"

त्या माणसाने डावा हात हलवून नाही म्हटलं.

"मंग?"

त्याने दोन बोटं दाखवली. मग एक. मग पुन्हा दोन.

"दोनशे बारा?" नाना ओरडले. "दोनशे बारा! मी काय म्हनी ऱ्हायंतू, दोनशेना आसपास!"

खाटेवरच्या माणसाच्या घशातून कसलासा आवाज निघाला. हसण्याचा असावा. मी नीट बघायला पुढे झाले आणि खिडकीचं दार खटकन वाजलं. नानांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू बी चोरच निंघनी," ते म्हणाले. एवढंच. ओरडलेसुद्धा नाहीत.

घरातून एक म्हातारी बाई बाहेर आल्या. हाताला पीठ. "पोरी, भाईर काबरं उभी शे? आत ये." त्या गंगूअक्का, खाटेवरच्या भटूमिस्त्रींची बायको. मी त्यांना रडतरडत सगळं सांगितलं, डब्यासकट. डब्याचं ऐकून त्या नानांवरच उखडल्या. "लाज शे का नही तुमले? पोरीना डबा उघाडतस?" नाना कागद गुंडाळत खाली मान घालून बसले.

मग ओट्यावर बसून गंगूअक्कांनी मला हकीकत सांगितली. भटूमिस्त्री आणि नाना एका वर्कशॉपमध्ये उमेदवारीला होते तेव्हापासूनचे मित्र. दोघांनी मिळून यंत्रं बांधली, फिरता ढोलही दोघांनी इथेच धुळ्यात लहान प्रमाणावर करून पाहिला होता. मग कशावरून तरी बिनसलं. भटूमिस्त्री साच्याची लाकडी प्रतिकृती घेऊन वेगळे झाले. नानांनी साऱ्या खान्देशात सांगितलं, भटू चोर आहे. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भटूमिस्त्रींचं वर्कशॉप चाललं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली.

"आन् तिसरा दिवसले ह्या उनात," गंगूअक्का नानांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "दारमा उभा ऱ्हाईसन म्हने, सोंग करस तो. मना मशीननं गुपित काढाले सोंग करस. मी म्हनं, दखी ल्या मंग. तं यासनी टाचनी काढी आन् याना तयपायले टोची!"

"मंग?" मी विचारलं. माझ्याही तोंडून अहिराणी निघून गेली.

"मंग काय? पाय हालना नही. ह्या बठी गयात तठेच." त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं. "तवयपासून दर गुरवारले येतस. तेल लाई देतस, बोटं चोयतस, पाय वाकाडतस. कोनी इचारं तं म्हनतस, दखी ऱ्हायनू, सोंग शे का काय."

मी आत पाहिलं. नानांनी तेलाची वाटी घेतली होती आणि भटूमिस्त्रींच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग पुन्हा अंगठा. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, तठे लालमा दोनशे बारा लिखी टाक. मनं अक्षर खराब शे."

मी आत जाऊन लिहिलं. नोकरी सोडायचं वडिलांना सांगितलं नाही.

शुक्रवारी नानांनी खाच घासायला घेतली. सवयीने आम्ही भिंतीकडे वळलो. नाना मला म्हणाले, "तू कोनमापक धर." कोनमापक धरून मी त्यांच्या समोर बसले. रशीदभाईंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच एक मोठा निःश्वास सोडला. शनिवारी ट्रे पडले नाहीत. एकामागून एक वर आले, फुंकर बसली आणि अलगद सुटले. सिंधूबाईंनी पहिला ट्रे हातात घेऊन तान्ह्या बाळासारखा बघितला.

सोमवारी हसमुखभाई आले. चकतीवर अर्थातच गोणपाट होतं, दोन पदरी. त्यांनी तासभर मशीन बघितलं, शेवटी गोणपाटाकडे बोट करून म्हणाले, "नाना, मशीन मारू छे ने? माझंच ना? मग मला बघू तर द्या." नाना म्हणाले, "नवापूरले पोचनं का दखी ल्या." हसमुखभाई हसले आणि बुधवारी ट्रक पाठवतो म्हणाले.

मंगळवारी सकाळी आम्ही कामावर आलो तर शेडच्या दारात एक जीप उभी. तिन्ही कुलपं उघडी. आत मशीनसमोर, नानांच्या खाटेवरच्या गादीची घडी टाकलेल्या खुर्चीवर, भटूमिस्त्री. शेजारी गंगूअक्का. नानांनी स्वतःच्या हाताने गोणपाट काढून बाजूला फेकलं आणि रशीदभाईंना खूण केली.

मशीन सुरू झालं. पंपाचा आवाज इतका की शेडचे पत्रे थरथरत होते. भटूमिस्त्री चकतीकडे बघत होते. ट्रे येत राहिले, आम्ही उचलून बाहेर उन्हात मांडत राहिलो. त्यांचा डावा हात हळूहळू खुर्चीच्या दांडीवर ताल धरायला लागला, ओढणं सुरू, ओढणं बंद, फुंकर. एकदाही चुकला नाही. नाना त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होते. त्या आवाजात काय, ते आम्हाला कळत नव्हतं. बरंच बोलले. नऊ वर्षांचं साठलं असेल.

हौदातला लगदा खाली गेला तसं रशीदभाईंनी पंप बंद केला. शेडमध्ये एकदम शांतता झाली. नानांना ते कळलं नाही. आवाजावर मात करायला म्हणून ते मोठ्यानेच बोलत होते, आणि ते शेवटचं वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आते सोंग सोड ना, भटू. ऊठ. मी काहीच बोलाव नही. ऊठ, आपन दोन्ही..."

मग त्यांनाही शांतता ऐकू आली. ते सरळ झाले. भटूमिस्त्रींनी डाव्या हाताने त्यांच्या सदऱ्याची कड धरली होती. गंगूअक्कांनी पदर तोंडाला लावला. कुणी कुणाकडे बघेना.

नानांनी सदऱ्याची कड हळूच सोडवून घेतली, ते बाहेर उन्हात गेले आणि मांडलेले ट्रे एकेक उचलून उलटे करायला लागले. ट्रे अजून ओले होते. इतक्या लवकर उलटवले तर ते वाकतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. रशीदभाई त्यांना सांगायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरून थांबवलं.

नाना एक ओळ उलटवून झाल्यावर दुसऱ्या ओळीकडे गेले. त्या दिवसाचे सगळे ट्रे वाकडे निघाले.